एकाच घरात सात जणांना सात तऱ्हेचा कोरोना. तुमच्याकडे काय झालं?

पऱ्हाटी (दारव्हा तालुका)

आमच्या घरात सात माणसं. चूल एक, माठ एक, माठावरचा गिलासही एकच. एप्रिल २०२१ मध्ये कोरोना घरात शिरला तेव्हा त्याने सातही जणांचं वेगवेगळं केलं, आणि इतकी वर्षं झाली तरी मला त्याचा हिशेब लागलेला नाही. म्हणून हा धागा काढतोय. शहरातल्या लोकांचे अनुभव भरपूर वाचून झाले, आता खेड्यावरच्यांनी लिहा. आणि कृपा करून काढ्याच्या पाककृती नकोत.

आधी आमचं सांगतो.

बाबा ७१ वर्षांचे, जुना दमा, बिडी सोडून दोन वर्षंही झाली नव्हती. आम्ही मनातल्या मनात त्यांचीच तयारी करून ठेवली होती. त्यांना दोन दिवस कसकस वाटली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते गोठ्यात शेण भरत होते. आईला ताप नाही, खोकला नाही, पाच-सहा दिवस नुसती हगवण. ऊन लागलं म्हणून आम्ही तिच्या तळपायाला कांदा चोळत बसलो. तिची टेस्ट कधी झालीच नाही. बायकोला चार दिवस ताप आला आणि वास गेला. माझं अंग असं दुखलं की थ्रेशरमधून काढून बाहेर टाकल्यासारखं. दोन्ही पोरांचं नाकसुद्धा वाहिलं नाही, पंधरा दिवस अंगणात कंचे खेळत होती.

आणि धाकटा भाऊ. वय ३६. तुरीचं क्विंटलभराचं पोतं एकटा पाठीवर घेऊन बंडीत टाकणारा गडी. पाचव्या दिवशी त्याचा ताप उतरला, भाकर खाल्ली, आम्ही म्हटलं सुटला. आठव्या दिवशी सकाळी ओट्यावर बसून मोबाईल पाहत होता. मी विचारलं, चहा घेतला का? म्हणाला, "घेतला... दादा... मघाशीच." तीन शब्दांत दोनदा दम घेतला. गावातल्या आशाताईंकडून ऑक्सिमीटर आणला. ८१. वाटलं मशीन बिघडलं, माझ्या बोटाला लावलं, ९७. परत त्याच्या, ८०. आणि हा हसून म्हणतो, "मले काहीच होऊन नाही राहिलं."

आठ दिवस घरी काय करत होता, असं कोणी विचारेल. खरं सांगतो, लपलो होतो. त्या वर्षी १५ जानेवारीला ग्रामपंचायतीचं मतदान झालं. घरोघरी प्रचार, मग गुलाल, मग लग्नं. फेब्रुवारीत अमरावती-अचलपूरला लॉकडाऊन लागला तो आम्ही टीव्हीवर पाहिला, पण गावात आजाराचं नावच घ्यायचं नाही असं चाललेलं. ज्याला विचाराल त्याच्या घरी 'टायफॉईड'. तपासलं की नेतात आणि नेलेल्याचं तोंडही पाहायला मिळत नाही, एवढंच लोकांच्या डोक्यात.

अॅम्ब्युलन्समध्ये छोटा सिलिंडर होता. ड्रायव्हर विशीतला पोरगा, पण हिशेब तोंडपाठ. म्हणे, "काका, ह्यात दीड हजार लिटर मावते. जेवढ्यावर ठेवलं तेवढ्यानं भागा, तेवढे मिनिटं." सहावर ठेवून यवतमाळला पोचायला तास गेला, तिथे खाट शोधण्यात पाऊण-एक तास. खाट नाही. एका डॉक्टरने गाडीतच पाहून सांगितलं, दहावर करा आणि वर्ध्याकडे जा. ड्रायव्हरने काट्याकडे पाहिलं. "साडेआठशे उरले असन. दहावर दीड तासाच्या आतच खतम. वर्धा पावणेदोन तास." मग त्याने चावी फिरवून सातवर आणली. भावाचा आकडा ८८ वरून ८५ वर आला आणि तिथे थांबला. पुढचा सगळा रस्ता मी त्या दोन आकड्यांकडेच पाहत होतो, एक बोटावरचा, एक सिलिंडरवरचा. कळंब आलं तेव्हा चिंतामणीच्या दिशेने हात जोडले. पुढे पाहतो तर ड्रायव्हरनेही जोडलेले. म्हटलं, तू स्टिअरिंग धर बाबा.

पोचलो तेव्हा काटा लाल पट्ट्यात होता. खाट मिळाली. सिटी स्कॅनचा स्कोअर (फुप्फुसं किती बिघडली त्याचा) २५ पैकी १८. अकरा दिवस ऑक्सिजन लागला. भाऊ आजही पोतं उचलतो, पण क्विंटलचं नाही.

बाबांना काहीच का झालं नाही आणि त्याला एवढं का, हे कोणी डॉक्टर असेल तर सांगा.

आंबिया बहार (वरूड)

मला फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. आमच्याकडे तेव्हा संत्र्याचा बहार फुटलेला असतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून समजणार नाही, रात्री गाडीने गावाकडे येताना पाऊण किलोमीटरवरून वास येतो. माझा ताप दोनच दिवस होता, तिसऱ्या दिवशी सकाळी बगिच्यात गेलो. झाडं पांढरी झालेली, मधमाश्यांची गुणगुण चालू, आणि वास नाही. फूल तोडून नाकात कोंबलं, चुरगाळलं. कागद चुरगाळावा तसं. तपासणीचा रिपोर्ट यायला पुढे चार दिवस लागले, पण मला तिथेच कळलं होतं.

वास तीन महिन्यांनी परत आला आणि त्याहून वाईट झालं. आला तो उलटा आला. कांद्याची फोडणी म्हणजे जळलेलं टायर. लसूण म्हणजे मेलेला उंदीर. सांबार (पुण्या-मुंबईवाल्यांनो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) म्हणजे कपड्याचा साबण. विदर्भात राहून कांदा, लसूण आणि सांबार बाद झाल्यावर माणसाने खायचं काय? दही-भात आणि गूळ-पोळीवर मी सात महिने काढले. लोकांना वाटायचं नाटक करतोय. सासुरवाडीला भर जेवणावरून मी उठून बाहेर गेलो, ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.

नाक ताळ्यावर आलं ते असं. एक दिवस गोठ्यात सरकी ढेप भिजत घातलेली होती. तिचा आंबूस, तेलकट वास जसा असतो तसाच्या तसा आला. मी टोपल्यात डोकं घालून बसलो. म्हैस माझ्याकडे पाहत होती. लसणाचा वास अजूनही पूर्ण बरोबर नाही.

फवारा

आमच्याकडे उलटंच झालं बावा. २०२० च्या सप्टेंबरात वावरात फवारा मारत होतो. पंप पाठीवर गळत होता आन् मले कायचाच वास नाही. एरवी दोन आंघोळ्या केल्या तरी त्या औषधाचा वास जात नाही. मले वाटलं दुकानदारानं डुप्लिकेट औषध देल्लं. दुकानात जाऊन भांडलो, अर्ध्या गावानं तमाशा पाह्यला. दुसऱ्या दिवशी गरगरून पडलो. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेले ते डोयानं पाह्यलेलं, घरचे रडाले लागले. डॉक्टरनं पहिले डोयात बॅटरी मारली. म्हणे विष भिनलं असतं तं बाहुली टाचणीएवढी बारीक झाली असती, लाळ सुटली असती, हे ते नाही. मग नाकात काडी घातली, पॉझिटिव्ह. कोरोना निघाला म्हणून पेढे वाटाचे बाकी होते आमच्या घरी! दुकानदाराची माफी मांगली. पण उधारी त्यानं अजून चालू केली नाही.

पानठेला

फवारा भाऊ, 

माझा अनुभव छोटा आहे. चव गेली म्हणून खर्रा (तंबाखू-सुपारीचा) सुटला. वीस वर्षांत आईने, बायकोने, डॉक्टरने जे केलं नाही ते कोरोनाने केलं. नुसती सुपारी चावून राहिलो असं वाटायचं. सतराव्या दिवशी चव आली आणि त्याच संध्याकाळी परत सुरू. लॉकडाऊनमध्ये खर्रा चौपट भावाने मिळायचा, पण मिळायचा. अॅम्ब्युलन्स गावात यायला दोन तास लागायचे, खर्रा दहा मिनिटांत.

आंबिया बहार

ठेलेवाल्यानेच लिहिलं म्हणजे खरं असणार.

स्पष्टच बोलतो

मला वाटतं सगळा बाऊ होता. आमच्या गावात शेतात राबणाऱ्या एकालाही काही झालं नाही. जे गेले ते एसीत बसणारे आणि भीतीने गेलेले. लसवाल्या कंपन्यांचे खिसे भरले एवढंच.

पऱ्हाटी

माझा भाऊ एसीत बसत नव्हता. पुढे.

ग्रामीण एमबीबीएस

२०२० आणि २०२१ मध्ये मी बुलढाणा जिल्ह्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो.

पऱ्हाटी, तुमच्या भावाचं झालं तसं आम्ही रोज पाहत होतो. पहिला आठवडा विषाणूचा असतो, दुसरा आपल्याच शरीराने त्याच्याविरुद्ध उभारलेल्या लढाईचा. ताप उतरला की लोक सुटलो म्हणायचे आणि नेमकी तेव्हाच फुप्फुसांना सूज यायची. आता तो हसत का होता? जीव घाबरा होतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे, आणि या आजारात तो सुरुवातीला बाहेर पडत राहतो. ऑक्सिजन मात्र आत जात नाही. म्हणून ८१ वर माणूस मोबाईल पाहत बसतो. आम्ही लोकांना सांगायचो, बोटाला मशीन लावून अंगणात सहा मिनिटं चाला. बसल्या जागी ९६ असलेला माणूस चालल्यावर ९२ वर आला की गाडी बोलवायची. ज्यांनी हे ऐकलं ते वेळेत पोचले.

स्टेरॉइडबद्दल लिहितो, कारण माझा त्यावर राग आहे. डेक्सामेथासोनने जीव वाचतात हे जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं. पण कोणाचे? ज्यांना ऑक्सिजन लागतोय त्यांचे. ज्यांना लागत नव्हता त्यांना काही फायदा दिसला नाही. आपल्याकडे मात्र तापाच्या पहिल्याच दिवशी पुडीत ती गोळी असायची. ताप झटकन उतरायचा, डॉक्टरचं नाव व्हायचं, आणि साखर वाढलेला, प्रतिकार दबलेला पेशंट आठव्या-नवव्या दिवशी आमच्या दारात.

मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. आयव्हरमेक्टिन, डॉक्सी, फॅविपिरावीर मीसुद्धा लिहिलं, कारण काहीच लिहिलं नाही तर लोक उठून पुडीवाल्याकडे जायचे. रेमडेसिविरसाठी नातेवाईकांना पळताना पाहिलं आणि थांबवलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ते नोव्हेंबर २०२० मध्येच वापरू नका म्हटलं होतं. मे २०२१ मध्ये प्लाझ्मा (बरे झालेल्यांच्या रक्तातला) उपचारांच्या यादीतून काढला, त्या रात्री मला झोप नव्हती. माझ्या एका पेशंटच्या मुलाने प्लाझ्मा आणायला मोटारसायकल गहाण ठेवली होती.

आता तुमचा प्रश्न. बाबांनी लस घेतली होती का?

पऱ्हाटी

बापरे. हो. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मार्चच्या मध्यात ते तालुक्याला रेशनकार्डाच्या कामाला गेले होते. काम झालं नाही. दवाखान्यासमोर रांग लहान दिसली म्हणून टोचून आले. घरी सांगितलंही नाही, दंड सुजला तेव्हा कळलं. आई ६४ ची, तिलाही मिळाली असती, ती नाही म्हणाली. भावाच्या वयाच्या लोकांना १ मेपासून मिळणार होती. तो एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पडला.

ग्रामीण एमबीबीएस

एका डोसने सगळं उलगडतं असं नाही. तुमच्या आईने घेतली नव्हती, तरी ती हगवणीवर निभावली. पुष्कळ भाग नशिबाचा आणि प्रत्येकाच्या शरीराचा. पण ७१ वर्षांचा दमेकरी तिसऱ्या दिवशी शेण भरतो, तर मी त्यातलं बरंचसं श्रेय त्या रेशनकार्डाला देईन.

आशा, धारणीकडची

नमस्कार. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं तेव्हा आम्हाला तापाची बंदूक आणि ऑक्सिमीटर मिळालं. बंदूक लोक कपाळाला लावू देत नव्हते, मेंदूतली गरमी ओढते म्हणायचे, म्हणून मनगटाला लावायची. ऑक्सिमीटर कष्टाच्या हातावर नीट चालत नाही हे मला प्रशिक्षणात समजलं नव्हतं. कुऱ्हाड धरून बोटांची कातडी जाड झालेली, हिवाळ्यात बोटं बर्फ, लग्न असलं तर नखावर मेंदी. आकडा कधी ७२ यायचा, कधी यायचाच नाही. पहिल्याच आठवड्यात एका आजीचा ७४ पाहून मी १०८ ला फोन लावला. आजी तेव्हा सरपणाचा भारा घेऊन चढण चढून आलेली आणि मला घाबरलेलं पाहून तीच पाणी आणायला उठली. तेव्हापासून मी आधी बोट माझ्या दोन्ही तळहातांत धरून चोळायची, गरम झालं की मशीन लावायची. अंतर ठेवा असं मीच सांगायची आणि दिवसाला पन्नास बोटं हातात धरायची.

लोक आजाराला भ्याले त्यापेक्षा नेण्याला जास्त भ्याले. गाडी आली की माणसं शेतात, जंगलात निघून जायची. मोहफुलाच्या दिवसांत तर तसंही गाव झाडाखाली असतं, त्यामुळे कोण लपलं आणि कोण वेचायला गेलं ते कळायचं नाही. मी टोपली घेऊन वेचायला जायची आणि वेचता वेचता विचारायची. कोर्कूत विचारलं की सांगायचे. मराठीत विचारलं की सगळे ठणठणीत.

लशीच्या वेळी मी माझी पहिली सुई गावासमोर घेतली होती. मे २०२१ मध्ये मलाच झाला. दोन डोस झालेले होते, दोन दिवस ताप आला, शाळेत मला एकटीला ठेवलं. गावात बोभाटा झाला की सुई घेतलेलीलाच झाला. बाहेर आले तेव्हा ज्या घरांनी आधी हो म्हटलं होतं तीसुद्धा मागे फिरली. मग परत पहिल्यापासून दारोदार. दुसऱ्यांदा मी काही सांगितलं नाही, नुसती दारात उभी राहायची. दिसतेय ना उभी, एवढंच.

फवारा

ताई, तुम्हाले दंडवत.

बोंडअळी

डॉक्टरांनी स्टेरॉइडचं लिहिलं म्हणून आमच्या मोठ्या बाबांचं सांगतो. साखर आधीपासूनच. कोरोना साधा, घरीच बरा झाला, पण पुडीतल्या गोळ्या पंधरा दिवस चालू ठेवल्या होत्या कारण ते "भूक चांगली लागते" म्हणायचे. मे २०२१ मध्ये वरची दाढ दुखायला लागली. गावात लवंगेचं तेल लावलं. मग एक दात आपोआप हलायला लागला, मग दुसरा. गालावर बधिरपणा, नाकातून काळपट पाणी. तालुक्याच्या दंतवैद्याने टॉर्च लावून टाळू पाहिली आणि उपकरण बाजूला ठेवून म्हणाला, आत्ताच्या आत्ता नागपूर. काळी बुरशी. त्या माणसाने फी घेतली नाही आणि एक दिवसही वाया घालवू दिला नाही.

नागपुरात वरचा जबडा उजवीकडून काढला. डोळा वाचला. अॅम्फोटेरिसिनची इंजेक्शनं तेव्हा मिळत नव्हती, एकेक कुपी चिठ्ठीवर. मेच्या शेवटी वर्ध्यातच त्याचं उत्पादन सुरू झालं तेव्हा जरा हात मोकळा झाला.

आता टाळूला प्लास्टिकची झाकणी आहे. ती लावली की बोलणं समजतं, काढली की पाणी नाकातून येतं. भाकर दुधात कुस्करून, तुरीचं पातळ वरण, असं जेवण. ठेचा नाही याचंच त्यांना दुःख, जबड्याचं नाही. नातवंडांनी अभ्यास केला नाही की झाकणी काढून घोगऱ्या आवाजात धमकावतात. पोरं आधी किंचाळत पळायची, आता शेजारच्या पोरांना तिकीट लावून दाखवायला आणतात.

खडू-फळा (मेहकर)

आमच्या शाळेतच मे २०२० मध्ये पुण्या-मुंबईहून परतलेल्यांना ठेवलं होतं. मी तिथे शिक्षक आणि रात्रीचा पहारेकरीही. टिनाचं छत, बाहेर ४४ अंश. माणसं दिवसभर पाण्याने फरशी ओली करून त्यावर झोपायची. तेव्हा मला काही झालं नाही. झालं ते वर्षभराने.

आजार सहा दिवसांचा, सौम्य. त्यानंतरचे आठ महिने सौम्य नव्हते. तिसऱ्या महिन्यात केस मुठीने गेले, ते परत आले. शाळेच्या दोन पायऱ्या चढलो की छातीत धडधड. आणि डोकं. वर्गात सतराचा पाढा म्हणून घेत होतो, सतरा चोक अडुसष्ट, आणि पुढचं काही येईना. वीस वर्षं शिकवलेला पाढा. पोरांना वाटलं सर परीक्षा घेताहेत, एका पोरीने उठून पंच्याऐंशी सांगितलं. मी शाबास म्हटलं आणि खुर्चीत बसलो. सगळे रिपोर्ट नॉर्मल. घरचे म्हणायचे मनाचे खेळ, स्टाफरूममध्ये म्हणायचे कामाची टाळाटाळ. तालुक्याला तेव्हा याला नाव कोणी देत नव्हतं. लाँग कोविड हा शब्द मी पेपरात वाचला त्या दिवशी मला फार बरं वाटलं, औषध काही नव्हतं तरी.

जानेवारी २०२२ च्या लाटेत परत झाला. तीन दिवस सर्दी. त्याची आठवणसुद्धा नाही.

तूर

लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. धागा बरं होण्याचा आहे.

माझे मिस्टर मे २०२१ मध्ये गेले. वय ४३. रॅपिड टेस्ट निगेटिव्ह, सिटीचा स्कोअर २१. एका खाजगी दवाखान्यात सहा दिवस. मृत्यूच्या कागदावर न्यूमोनिया लिहिलं. कोरोना असं कुठेच नाही. सरकारने जूनमध्ये ग्रामीण भागातले दर कमी केले, साध्या वॉर्डला रोजचे २,४००, आयसीयूला ४,५००, व्हेंटिलेटरसह ५,४००. आमचं बिल मेचं.

त्याच दिवसांत मलाही होता. बाराव्या-तेराव्याला कोणी आलं नाही, येऊ शकत नव्हतं. मागच्या घरची एक बाई रोज दोन वेळा कंपाउंडच्या भिंतीवर डबा ठेवून जायची आणि भिंतीवर दोनदा टिचकी मारायची. तिची माझी त्याआधी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) बोलचाल बंद होती. जेवणाला चव नव्हती. आजाराने गेली होती की कशाने, ते मी शोधत बसले नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५०,००० रुपयांच्या मदतीवर शिक्कामोर्तब केलं. मी अर्ज केला तर टेस्ट पॉझिटिव्ह नाही म्हणून परत. एका ओळखीच्या ग्रामसेवकाने सांगितलं की तक्रारीसाठी जिल्ह्याला समिती असते, सिटी स्कॅन आणि दवाखान्याचे केसपेपर लावून तिथे अर्ज करा. केसपेपर मिळवायला तीन फेऱ्या, त्यातल्या दोन वेळा "साहेब नाहीत". पैसे २०२२ मध्ये आले. मुलीची फी भरली.

स्पष्टच बोलतो, तुम्ही वर लिहिलं ते वाचलं. मिस्टर मजुरीला जात होते. एवढंच सांगायचं होतं.

स्पष्टच बोलतो

ताई, माफ करा. माझ्या गावावरून बोललो होतो.

ग्रामीण एमबीबीएस

तूर ताई, केसपेपरची प्रत हा तुमचा हक्क होता, फेऱ्या मारायला लावायला नको होत्या. मुलीच्या शिक्षणासाठी महिला व बालविकास विभागाकडे चौकशी केली का? खाजगी निरोप पाठवतो.

पऱ्हाटी

ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. धाग्याच्या नावात बरं होण्याचं काही नाही. तुमच्याकडे काय झालं, एवढंच विचारलं होतं.

भावाला काल हा धागा वाचून दाखवला. तो म्हणतो मला लिहायचं आहे. मोबाईल त्याच्या हातात देतो.

पऱ्हाटी (भाऊ लिहून राहिला)

दादानं अकरा दिवस लिहिले, ते तेरा होते. मी मोजत होतो, दुसरं काही काम नव्हतं. पालथं झोपाले लावायचे, म्हणून मले त्या वॉर्डाची फरशीच जास्त आठवते. माह्या खाटेखाली एक फरशी तडकलेली होती, वर्धा नदीच्या नकाशासारखी. बाजूच्या खाटेवर आर्वीकडचे एक आजोबा होते. रात्री म्हणायचे, पोरा, आकडा किती? मी माहा सांगाचो, ते त्याहिचा. माहा वाढत गेला तशी मले सांगाची लाज वाटाले लागली. नवव्या दिवशी मी ९१ ले ८७ सांगतला. त्याहिनं नर्सले विचारून माहा खोटेपणा पकडला, शिव्या देल्ल्या. ते घरी गेले. कधी तरी जाईन म्हणतो आर्वीले.

दादानं एक लिहिलं नाही. घरी आलो तं गोठ्यात बैल नव्हते. बाबा शेण भरत होते म्हणून त्यानं लिहिलं, ते म्हशीचं. बैलजोडी मी दवाखान्यात असतानाच विकली. मी विचारलं नाही, त्यानं सांगतलं नाही. पेरणीले भाड्याचा ट्रॅक्टर आला तेव्हा दोघंही धुऱ्यावर उभे होतो.

फवारा

मंग आता?

पऱ्हाटी (भाऊ)

२०२३ च्या पोळ्याआधी नवी जोडी घेतली. एक लय गुणाचा आहे. दुसरा मारका, दादाले पाह्यलं की शिंग रोखते.